हळू बोला, लाउरो झोपलाय

ग्वालासेओ,
४ मे २०२३

प्रिय दिग्नाताई,

पाकिटावर तुझं मठातलं नाव घातलंय, नाहीतर तुमच्या मदर पत्र परत पाठवतील. आत मात्र तू दिग्नाताईच. आईचे आणि ताइतांचे, दोघा म्हाताऱ्या आईबापांचे आशीर्वाद, माझ्या लेकीचा, नुबियाचा पापा, माझा नमस्कार. ईस्टर होऊन इतके दिवस झाले तरी माझं पत्र नाही म्हणून काळजीत असशील. उपासाच्या दिवसांत तुमच्याकडे पत्रं आत जात नाहीत हे खरं, पण नंतरही मी लिहायला बसले नाही. म्हणजे बसायची आणि उठायची. बुटांचं काम फार आलं होतं असं समज.

आईचे गुडघे तसेच आहेत. ताइतांचा खोकला कमी आहे. तांबडी गाय व्याली, कालवड झाली. शेजारच्या एर्सिलियाबाईंनी छपरावर नवा पत्रा घातला, त्यामुळे आता पाऊस आला की त्यांच्या घरी ताशे वाजतात आणि आपल्या घरात बोललेलं आपल्याला ऐकू येत नाही. आई म्हणते, बरंच आहे.

उपासाआधीच्या पत्रात तू लिहिलं होतंस की तुमचा दिवस घंटेवर चालतो, आमचा कशावर चालतो ते नीट लिही. म्हणजे प्रार्थनेला बसताना ज्या त्या वेळी जो तो काय करत असेल ते तुला डोळ्यांसमोर आणता येईल. मी वाचून हसले होते. ताई, आमच्याही घंटाच आहेत, फक्त त्या खिशात असतात.

पहाट ताइतांच्या रेडिओची. तो अजून तोच, पाठीला रबर बांधलेला. आधी जपमाळ, मग बटाट्याचे भाव, मग निधनाच्या बातम्या. अमक्या वाडीच्या तमक्या बाई वारल्या, लेकी-सुनांनी निघून यावं, गुरंढोरं शेजाऱ्यांकडे सोपवावीत. ताइता एक शब्द सोडत नाहीत. आई चुलीपाशी बसून दररोज तेच म्हणायची, "स्वतःचं नाव येतंय का ते ऐकता होय?" आणि ताइता म्हणायचे, "आलं की तुलाच आधी सांगीन."

नुबियाचा दिवस फोनवरच उगवतो आणि फोनवरच मावळतो. तिचा अभ्यास त्यात, मैत्रिणी त्यात, नाचही त्यातच. अंगणात फोन दगडाला टेकवून ती एकटीच हातवारे करत असते. मध्यंतरी ताइतांनी विचारलं, "पोरीला मुंग्या चावल्यात का?" तिने आठवडाभर आजोबांशी अबोला धरला. अबोला म्हणजे काय, त्यांना फोनवर हसऱ्या चेहऱ्याचं चित्र पाठवायची नाही. ताइतांकडे फोनच नाही, त्यामुळे त्यांना ते कळलंही नाही.

माझं तर शिलाईयंत्र आणि शेजारी फोन. कारखान्याचा मालक हल्ली लिहीत नाही, बोलून पाठवतो. टाचा बदला, रंग बदला, काल सांगितलेलं विसरा. मी त्याचं बोलणं दुप्पट वेगाने लावून ऐकते. तसा ऐकला की तो थोडा शहाणा वाटतो.

दुपार आईच्या मालिकेची. तुर्की आहे, सगळे देखणे आणि सगळे रडके. आई त्यातल्या सासूशी भांडायची. "तोंड उघड की मेले, सांग की त्याला मूल त्याचंच आहे ते!" असं ओरडायची, आणि खुराड्यातले आपले कुय, ते गिनीपिग, घाबरून एका कोपऱ्यात गोळा व्हायचे. ती मालिका तिने आता अर्ध्यावर सोडली आहे. त्या वेळी टीव्ही बंदच असतो.

मधला वेळ राहिला. ताइतांचा रेडिओ झाला की आईची मालिका लागेपर्यंत, तो वेळ लाउरोचा. त्याची बेकरीतली रात्रपाळी संपायची, तो खोलीवर येऊन हात-तोंड धुऊन फोन लावायचा. हिवाळ्यात न्यूयॉर्कचं आणि आपलं घड्याळ एकच असतं, त्याचं आईला फार कौतुक. आई फोन मिठाच्या बरणीला टेकवून ठेवायची. बोलणं असं काही नसायचंच. ती मका सोलायची, तो शर्ट वाळत घालायचा. तो बटाट्याचं सूप करायला घ्यायचा आणि आई इथून ओरडायची, "जिरं आधी रे, मूर्खा! जिरं आधी!" तो म्हणायचा, "आई, इथलं जिरं वेगळं असतं." आई म्हणायची, "जिरं कसलं वेगळं? तूच वेगळा झालास." खाऊन झालं की तो फोन उशाशी उभा करून आडवा व्हायचा, आणि बोलता बोलता झोपायचा. फोन कोणी बंद करायचं नाही. तो तिकडे झोपलेला आणि आपण इकडे चवड्यांवर चालायचं. आई रेडिओ बारीक करायला लावायची. "हळू बोला, लाउरो झोपलाय." एर्सिलियाबाईंकडे कोणी पाहुणा आला तरी आई कुंपणापाशी जाऊन सांगून यायची. वायफाय त्यांच्या आणि आपल्या घरात मिळून आहे, तसा लाउरोही मिळूनच होता म्हण.

लाउरोला आता रात्रपाळी नाही.

आई हाक मारते आहे, उठते. तू जपून राहा. सोळा जुलैची सगळे वाट बघतोय असं आईने लिहायला सांगितलंय.

तुझी,
सोइला


ग्वालासेओ,
९ जून २०२३

दिग्नाताई,

तुझं पत्र काल आलं. नुबियाने चौकातून आणलं आणि चालता चालता फोन बघत होती म्हणून चिखलात पाडलं, तरी सगळं वाचता आलं.

तू लिहिलं आहेस, लाउरोची रात्रपाळी सुटली हे वाचून तू आभाराची प्रार्थना म्हटलीस. त्याचं नवं काम कसलं, त्याने स्वतः निरोप का नाही दिला, असं विचारलं आहेस. आणि पुढे लिहिलं आहेस की नवी वेळ कळेपर्यंत तू जुनीच धरून ठेवली आहेस. सकाळची मधली घंटा झाली की तू डोळे मिटतेस आणि लाउरोला नीट झोप लागू दे म्हणतेस.

ते वाचलं आणि मी यंत्र बंद केलं. ताई, हे आता माझ्याने होत नाही.

लाउरो नाही गं. मार्चमध्ये गेला. उपास सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. जवळ कोणी असेल तर त्यांचा हात धर, तुमच्यात चालत असेल तर.

मी खोटं लिहिलं नव्हतं, पण जे लिहिलं ते खोट्याहून वाईट होतं हे मला पाकीट चिकटवतानाच कळत होतं. मठाच्या दारावरच्या बाईंचा नंबर आपल्याकडे आहे. मी दोनदा लावला. दोन्ही वेळा आईने फोन हातातून काढून घेतला. तिचं म्हणणं एकच. सोळा जुलैला तू कायमचा शब्द देणार, त्याआधी कोणी एक अक्षर सांगायचं नाही.

"कळलं तर ती बाहेर येईल," आई म्हणाली.

"आली तर येऊ दे की. शब्द द्यायच्या आधी तिला माहीत नको?"

"आणि इथे येऊन काय करील? माझ्या तोंडाकडे बघत बसेल. मला एकटीला बघायला तुम्ही दोघं पुरे आहात."

मी फोन तिच्याकडेच राहू दिला. पण शब्द तू देणार आहेस, आई नाही. आणि मेलेल्या भावाच्या झोपेसाठी तुला रोज डोळे मिटायला लावणं हे कोणत्या देवाला आवडेल?

आता काय झालं ते सांगते. एका दमात सांगते, थांबले तर परत उठेन.

त्या दिवशी त्याने नेहमीसारखाच फोन लावला. दमलेला दिसत होता, पण दमलेला तो रोजच दिसायचा. आई त्याला तांबड्या गाईचं सांगत होती, की यंदा कालवड होणार, पोटाच्या ठेवणीवरून कळतं. तो म्हणाला, "झाली तर तिचं नाव मी ठेवणार." आई म्हणाली, "तू तिकडे बसून नाव ठेव, शेण मी काढते." तो हसला. खांदा चोळला. स्वयंपाक केला नाही, म्हणाला भूक नाही, जळजळतंय. आई म्हणाली, "ओव्याचं पाणी घे." तो म्हणाला, "उठल्यावर घेतो." फोन उशाशी उभा केला आणि भिंतीकडे थोडा कलून आडवा झाला. त्याच्या डोक्याची मागची बाजू, कान आणि पाठ दिसत होती. मागे खिडकीला हिरवा पडदा.

आईने ताइतांना खूण केली. त्यांनी रेडिओ बारीक केला.

मी माझ्या यंत्रावर होते. मग यंत्राचाही आवाज नको म्हणून हाताने टाके घालत बसले. असं आम्ही वर्षानुवर्षं केलंय ताई, यात नवीन काहीच नव्हतं. आई मका सोलत होती, मधूनच मान वर करून बघत होती. नुबिया शाळेतून आली, वाकून बघून म्हणाली, "आजी, चित्र अडकलंय."

ते अडकायचंच. पाऊस आला की अडकायचं, एर्सिलियाबाईंची नातवंडं आली की अडकायचं. आई म्हणाली, "अडकलं नाही. बघ, पडदा हलतोय."

मी मान वर केली. पडदा हलत होता. खाली गरम हवेचं यंत्र असतं त्यांच्याकडे, त्याने तो सारखा फुगायचा आणि बसायचा. पडदा हलत होता आणि लाउरो हलत नव्हता.

मी उठून फोनपाशी गेले आणि हाक मारली, "लाउरो." आई म्हणाली, "श्श." मी मोठ्याने हाक मारली. आई म्हणाली, "रात्रभर भट्टीपुढे उभा होता तो. अक्कल आहे का तुला?" मी ओरडले. ताइता दारातून आत आले. आईने दोन्ही हात फोनपुढे धरले, जसं काही माझा आवाज तिच्या हातांनी अडणार होता. नुबिया रडायला लागली. मी ओरडतच राहिले, आणि तिकडे तो पडदा फुगायचा आणि बसायचा.

ताई, त्याचा पत्ता आपल्याकडे नाही. कधी नव्हताच. पत्ता कशाला लागला असता? तो रोज आपल्या ओट्यावर असायचा. त्याच्या भिंतीला कुठे ओल आली ते मला माहीत होतं, त्याच्या चादरीवरची फुलं आईने मोजली असतील, पण गल्ली कोणती, घर कितवं, मजला कुठला, काही नाही. न्यूयॉर्कमधलं क्वीन्स, एवढंच. तो आणि एक ग्वाटेमालाचा माणूस, एवेलिओ, एका खोलीत राहायचे. एवेलिओ दिवसा बांधकामावर, लाउरो रात्री बेकरीत, एकच पलंग दोघांना पुरायचा. एवेलिओचा नंबरही आम्ही कधी घेतला नव्हता. तो फोनवर दिसायचा, आईला "आज्जी, कशा आहात" म्हणायचा, आणि बूट घालून जायचा.

मी एर्सिलियाबाईंकडे पळाले. त्यांचा मुलगा तिकडेच असतो. त्यांनी फोन लावला, त्याने उचलला नाही. कामावर उचलू देत नाहीत. मग मी त्यांच्या फोनमध्ये बोलून निरोप पाठवला, काय बोलले ते आठवत नाही. त्याच्यापुढे दोन करड्या खुणा आल्या आणि करड्याच राहिल्या. नुबियाने शोधून तिकडच्या पोलिसांचा, रुग्णवाहिकेचा नंबर काढला. तो इथून लागत नाही. आपल्याकडेही तोच आकडा आहे, लावला की इथलेच पोलीस लागतात. लागलेल्या माणसाने विचारलं, "बाई, आजारी माणूस कुठे आहे?" मी म्हटलं, "माझ्यासमोर आहे." तो म्हणाला, "मग पत्ता सांगा." मी फोन ठेवला.

बेकरीचं नाव ताइतांना आठवलं, एकदा लाउरोने पिशवी दाखवली होती. नुबियाने नंबर शोधला, लावला. यंत्र बोललं. आपल्या भाषेसाठी हे दाबा, मग केकच्या ऑर्डरसाठी ते दाबा. आम्ही सगळं दाबलं. शेवटी एक मुलगी आली, ती म्हणाली तिला पत्ता देता येत नाही, ती मालकांना विचारेल. विचारलं असेल तिने. तिचा काय दोष?

परत स्वयंपाकघरात आले तर आई तिथेच बसली होती. तिने मका खाली ठेवला होता. फोन मांडीवर घेतला होता. चार्जिंगची वायर तिच्या गुडघ्यावरून भिंतीपर्यंत ताणलेली, आणि ती म्हणत होती, "बॅटरी संपू देऊ नका. कोणी बॅटरी संपू देऊ नका."

ताइता शेजारी उभे. त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती. मला तेव्हाच कळलं की त्यांना कळलंय. देवळात आणि स्मशानात सोडून त्यांनी टोपी कधी काढलीय का सांग.

एवेलिओ येईपर्यंत आम्ही तसेच बसलो. दिवस उलटून गेला. त्याचं दार आम्हाला दिसत नव्हतं, फक्त आवाज आला. बूट काढले, किल्ल्या टेबलावर टाकल्या. तो म्हणाला, "अरे, उठ की, कामाला नाही जायचं?" मग जवळ आला. त्याचा हात फोनच्या काचेत दिसला, लाउरोच्या खांद्यावर पडलेला. आई हळूच म्हणाली, "उठवू नको रे त्याला."

त्याने ऐकलं. त्याने वाकून फोनकडे बघितलं. त्याचा सबंध चेहरा काचेत आला, सिमेंटने पांढरा झालेला. तो म्हणाला, "आज्जी, तुम्ही कधीपासून बघताय?"

ताइतांनी टोपी छातीशी धरली.

मग त्याने फोन पालथा घातला. ते त्याने चांगलं केलं. आवाज मात्र येत राहिले.

हृदय बंद पडलं असं तिकडच्या कागदावर आहे. कधी, ते नाही. डॉक्टरने एवेलिओला सांगितलं की असं झोपेत झटकन होतं, कोणी शेजारी असतं तरी काही झालं नसतं. आम्ही ते धरून ठेवलंय. सांत्वनासाठी सांगितलं असेल, पण धरून ठेवलंय.

त्याला आणायला महिना गेला. कसं आणलं, कोणी कोणी मदत केली ते पुन्हा कधीतरी. पेटी बंदच आली, उघडायची नाही म्हणाले. ताइता स्वतः चालत रेडिओ केंद्रावर गेले. तिथल्या निवेदकाने म्हणे विचारलं, "काका, तुम्ही कोणाकडून आलात?" ताइता म्हणाले, "मी बाप." दुसऱ्या पहाटे आम्ही सगळे रेडिओभोवती बसून आपल्याच घरची बातमी ऐकली. त्याचं नाव नीट घेतलं, आपल्या वाडीचं नाव चुकवलं. तरी देऊळ भरलं होतं. तू सोडून सगळे होते. वरच्या अंगाला पुरलाय, जिथून नदी दिसते. कालवड झाली त्या दिवशी आईने तिचं नाव ठेवू दिलं नाही. अजून तिला नाव नाही.

इतके आठवडे आई लाउरो गेला त्या दिवसाबद्दल काही बोलली नव्हती. परवा मका धुताना एकदम म्हणाली, "तुझ्याआधी मला दिसलं होतं."

मी विचारलं, "काय दिसलं होतं?"

"तो पाय हलवतो झोपेत. लहानपणापासून. पायाने चादर हलते. त्या दिवशी नाही हलली."

"मग बोलली का नाहीस?"

तिने घमेल्यातलं पाणी बदललं. मग म्हणाली, "म्हटलं आज गाढ लागलीय. आई लेकरू झोपलं की बघते काय, श्वास चालतो का ते. एवढ्याशा काचेत श्वास दिसत नाही गं सोइला. वर्षानुवर्षं मी त्याला बघत होते आणि श्वास एकदाही दिसला नव्हता. म्हणून त्या दिवशीही नाही दिसला तर नवीन काय."

मी तिचा हात धरायला गेले. तिने ओला हात झग्याला पुसला आणि घमेलं उचलून बाहेर गेली.

आता घर कसं चालतं ते तुला नव्याने लिहायला हवं, कारण आधीचं सगळं चुकीचं आहे. ताइता पहाटे रेडिओ लावतात, जपमाळ ऐकतात, आणि बातम्या सुरू व्हायच्या आत बंद करतात. मग काही न लावता बसतात. नुबिया फोन घेऊन अंगणात जात नाही, पण तो हातातून सोडतही नाही, शाळेतून तासातासाला मला निरोप पाठवते, "आई, काय करतेस?" मी लगेच उत्तर दिलं नाही तर फोन लावते. मी तिच्यावर ओरडले, मग तिचा चेहरा बघवेना. आता उत्तर देते. टाके घालत असले तरी थांबून देते. आई सकाळच्या त्या वेळी फोन बरणीला टेकवून ठेवते, बंद फोन. समोर बसते. कोणी मोठ्याने बोललं तर काही म्हणत नाही. तेच मला जास्त लागतं. ती एकदा तरी "हळू बोला" म्हणेल म्हणून मी मुद्दाम भांडं आपटून पाहिलं.

खरं सांगू? तू यावंस असं मला वाटतं. रात्री नाही, भर दिवसा, यंत्रावर बसलेली असताना वाटतं. पण ये असं मी लिहिणार नाही. राहा असंही लिहिणार नाही. तुझा शब्द तुझा आहे. मला फक्त तो तू सगळं जाणून द्यायला हवा होता. यापेक्षा जास्त काही माझ्या हातात नाही. तेव्हाही नव्हतं, आताही नाही.

एवढं लिहून झालं आणि आई मागे येऊन उभी राहिली. तिला वाचता येतं ते तुला माहीत आहे, सावकाश, ओठ हलवत. मी कागद झाकला नाही. तिने वाचलं. मला वाटलं फाडील. ती म्हणाली, "लिहिलंस?"

"लिहिलं."

"बरं. मग हेही लिही. तिने बाहेर यायचं नाही. मी येते."

मी म्हटलं, "आई, ताईचा मठ रिओबांबात, म्हणजे दिवसभराची बस. तुझे गुडघे." ती म्हणाली, "गुडघे बसलेलेच असतात बसमध्ये."

तेव्हा ताई, ती येणार म्हणते. या महिन्याच्या भेटीच्या दिवशी. तुमच्या मदरना विचार की अर्ध्या तासापेक्षा थोडं जास्त बसू देतील का. नियम असेल तर असू दे, नियमापुढे आपण काय बोलणार, पण विचारून बघ. आईला बोलायचं काही नाही. तू तुझी शिवण घेऊन बस, माळ घेऊन बस, ती समोर बसेल. फक्त झोपू नकोस म्हणते.

आणि एक गोष्ट तिला तुझ्याकडून नक्की हवी आहे, आणि तिने ती मला तीन-तीनदा विचारली आहे. तू आत गेलीस त्या दिवशी भेटीच्या खोलीतली ती लोखंडी जाळी मीही बघितली होती, पण डोळे भरलेले होते, तिची भोकं किती मोठी होती ते मला आठवत नाही. तिथे काच तर नाही ना? आईची बोटं जाड आहेत, सांधे सुजलेले आहेत. त्यातून आत जातील का, ते उलट टपालाने लिही.

वाट बघणारी, घरात उरलेली,
तुझी सोइला